पोर्तुगीज अहवालातला ‘देर्‍हामी’

पोर्तुगीजमधला ‘कोरासांव’, म्हणजे हृदय, आपण मागच्या वेळी पाहिला. आज एकच शब्द घेऊ: ‘देर्‍हामी’. मूळ अर्थ सांडणं. ब्राझीलमध्ये कुणी म्हणालं, ‘आजोबांना देर्‍हामी झाला’, तर तो पक्षाघाताचा झटका, मेंदूतला. लगेच १९२ लावायचा. पण टूडी एकोच्या अहवालात ‘देर्‍हामी पेरिकार्जिकु’ दिसलं, तर हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साठलंय. थोडं असेल तर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात. फार झालं तर हृदयच दाबलं जातं. शब्द तोच, अवयव वेगळा! तेव्हा पुढचा शब्द वाचल्याशिवाय आपण घरच्यांना काही सांगायचं नाही. पोर्तुगालमध्ये पक्षाघाताला ‘आ-व्हे-से’ ही आद्याक्षरं जास्त चालतात, आणि तिथला नंबर ११२.