स्वस्त गाडीला जादा ताकद

मारुती अल्टो ८००चे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. ताकद जेमतेम ४८ अश्वशक्ती. त्याला मोठा एअर फिल्टर आणि रुंद सायलेन्सर बसवला की आवाज वाढतो, वेग फारसा नाही, कारण एवढ्याशा सिलिंडरांत शिरणारी हवाच मुळात थोडी. टर्बो बसवायचा तर क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक सगळेच त्या ताकदीचे लागतात आणि खर्च जुन्या गाडीच्या किमतीपुढे जातो. इंजिनात असा फेरफार परवानगीशिवाय केल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. विम्याचा दावाही अडकू शकतो.

पैसे घालायचेच तर टायरवर घालावेत. १२ इंची चाकांवरचे १४५ मिलिमीटर रुंदीचे झिजलेले टायर पावसात घाटाच्या वळणावर घसरतात. चांगल्या पकडीचे टायर, नवे शॉक अब्सॉर्बर आणि ताजे ब्रेक ऑइल एवढ्यानेही गाडी खरोखर सुधारते.