ओळखीची धडधड

नाशिक रोडला रुळांलगत राहणाऱ्यांना गाडी डोळ्यांनी बघावी लागत नाही. मांडणीवरचे पेले किणकिणले, की आजी मेथी निवडता निवडताच सांगते, "मालगाडी. भरलेली आहे." बाहेर रिक्षांचा कितीही गोंगाट असो, डब्यांची धडधड तिच्या कानात मुरलेली असते.

पुण्याच्या 'आयुका' या खगोलविज्ञान संस्थेतले संजीव धुरंधर यांनी विश्वासाठी असाच कान घडवला. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत आदळली, तर उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी कशा असतील हे आधी गणिताने काढायचं, मग लहरी टिपणाऱ्या यंत्रातल्या गोंगाटावर तो नमुना सरकवत कुठे जुळतो ते बघायचं. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह त्यांनी यावर १९९१ मध्ये शोधनिबंध लिहिला. लहर तोवर कुणाला सापडलीच नव्हती! सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या 'लायगो' यंत्रांना. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एक झाली होती आणि तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरी बनून निघून गेलं होतं. ती लहर इथे पोहोचली तेव्हा यंत्राच्या चार किलोमीटरच्या भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्याही शेकडो पट लहान होता.

याच कानाला कृष्णद्रव्याचीही चाहूल लागू शकेल. विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी पाचातले चार भाग तरी कृष्णद्रव्य आहे. ते चमकत नाही, सावली पाडत नाही. दीर्घिकांच्या फिरण्यावरून ते आहे एवढं कळतं. कृष्णविवरांची जोडी त्याच्या दाट ढगात फिरत असेल, तर ढग ढवळण्यात तिची थोडी ऊर्जा जाईल, ती जरा लवकर जवळ येईल आणि लहरींचे ठोके गणिताच्या किंचित पुढे पडतील. धडधड ओळखीची, पण ताल सरकलेला. आजीला लगेच खटकलं असतं.

२०१५ ची लहर मात्र जेमतेम सेकंदाचा पाचवा भाग ऐकू आली. एवढ्यात ताल काय धरणार? त्यासाठी महिनोन्‌महिने ऐकणारं 'लिसा' हे युरोपचं अंतराळयान-त्रिकूट तयार होतंय. मला मोह दुसऱ्याच शक्यतेचा आहे: सूर्याहून हलकं कृष्णविवर. मरणाऱ्या ताऱ्यातून तसं होत नाही. ते सापडलं, तर ते बहुधा विश्वाच्या बाल्यातलं, आणि कदाचित कृष्णद्रव्याचाच एक तुकडा.

लहरी ऐकणाऱ्या असल्या यंत्राशेजारी आमची मालगाडी चालणार नाही. त्याला शांत जमीन लागते. भारतातल्या अशा यंत्रासाठी ती हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ निवडली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या 'लायगो-इंडिया' प्रकल्पाला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. त्र्यंबकेश्वराइतकंच औंढ्याचं ज्योतिर्लिंगही आपल्याला जवळचं. पुढच्या वेळी दर्शनाला गेलात, तर या जागेचीही चौकशी करा.