जुन्या गाडीची पॉवर अँटेना अडकली? आधी आवाज ऐका, मग खर्च करा

घरातल्या जुन्या गाडीचा रेडिओ लावला की मागून किंवा पुढून एक चकचकीत दांडी आपोआप वर येते, ती तुम्ही पाहिली असेल. हीच पॉवर अँटेना. 1980-90 च्या दशकातल्या बऱ्याच महागड्या गाड्यांत ती असायची. आज ती बिघडली की लोक सरळ सांगतात, "अख्खी अँटेनाच बदला." माझं म्हणणं एवढंच आहे की तसं करण्याआधी दोन मिनिटं थांबा. अनेकदा फक्त दांडी बदलून काम होतं.

दांडी लागतेच कशाला?
फोनवर एफएम ऐकताना वायरवाला इयरफोन लावावा लागतो, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. गाडीतही तेच. 100 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या एफएम लहरीची लांबी साधारण 3 मीटर असते आणि तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे जवळपास 75 सेंटीमीटरची दांडी सिग्नल छान पकडते. दांडी अर्ध्यात अडकली की खरखर सुरू.

आत काय चालतं?
रेडिओ चालू झाला की एका वायरमधून अँटेनाला 12 व्होल्टचा इशारा मिळतो. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत ही वायर बहुधा निळी असते. मग मोटर फिरते आणि नायलॉनची दातेरी दोरी दांडीला वर ढकलते. रेडिओ बंद केला की तीच दोरी दांडीला खाली ओढते.

आता आवाज ऐका
- मोटरची घरघर येते पण दांडी हलत नाही: बहुधा दोरी तुटली किंवा तिचे दाते झिजले. नवी दांडी दोरीसकट मिळते, तेवढी घ्या.
- काहीच आवाज नाही: आधी फ्यूज, मग वायर, मग मोटर तपासा.
- रेडिओ बंद केल्यावरही मोटर थांबत नाही: फ्यूज काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल.

दांडी कशी बदलायची?
सोबत एक जण हवा.

1. मॉडेल आणि वर्ष सांगून त्याच गाडीची दांडी घ्या. दोरीची जाडी आणि दाते जुळलेच पाहिजेत.
2. दांडीच्या बुडाशी असलेला नट सोडवा. पक्कड वापरणार असाल तर खाली कापड ठेवा, रंगाला ओरखडा पडत नाही.
3. सोबत्याला रेडिओ लावायला सांगा. मोटर जुनी दांडी वर ढकलेल, तुम्ही हलक्या हातानं बाहेर ओढा. दाते कोणत्या बाजूला होते ते लक्षात ठेवा, हवं तर फोननं फोटो काढा.
4. जुनी दोरी नवीशेजारी ठेवून मोजा. जुनी आखूड असेल तर तुकडा आतच राहिलाय. तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, त्यासाठी मोटरचा डबा उघडावा लागतो.
5. रेडिओ चालूच ठेवून नवी दोरी आत सरकवा, दाते पहिल्यासारखेच. दोरी मोटरपर्यंत टेकली की रेडिओ बंद करायला सांगा. मोटर तिला आत ओढून घेईल. जोर लावू नका, बोटं दूर ठेवा.
6. दांडी नळीत बसवा, नट घट्ट करा आणि दोन-तीनदा वर-खाली करून पाहा. पहिल्यांदा पूर्ण आत गेली नाही तर एकदा चालू-बंद केल्यावर बहुधा बसते.

पुढे काय जपायचं?
दांडी महिन्यातून एकदा कोरड्या कापडानं पुसा. ग्रीस लावू नका, त्याला धूळ चिकटते आणि दांडी पुन्हा अडकते. गाडी धुण्याआधी रेडिओ बंद करून दांडी खाली घ्या. आणि पावसाळ्याआधी अँटेनाखालची पाणी जाणारी नळी मोकळी आहे ना ते पाहा. ती तुंबली तर पाणी मोटरमध्ये साचतं आणि मग मात्र खरंच अख्खी अँटेना घ्यावी लागते.