घरगुती सांखळीकरवत व धंद्याची सांखळीकरवत : पारख कशी करावी?

हल्लीं खेडोपाडीं कुऱ्हाडीची व हातआरीची जागा सांखळीकरवतीनें घेतली आहे. बाजारांत हिला चेनसॉ म्हणतात. आमच्या बाजूचे मजूर नुसतें 'कटर' म्हणून मोकळे होतात. बांधावरची बाभूळ तोडावयाची असो, वादळानें उन्मळलेला आंबा बाजूस करावयाचा असो, अथवा विक्रीसाठीं लावलेली निलगिरी उतरवावयाची असो, हें यंत्र हाताशीं असलें म्हणजे मजुरांची वाट पहावी लागत नाहीं. त्याची उपयुक्तता आतां कोणास पटवून द्यावयास नको. परंतु तें विकत घेतांना आमच्या शेतकरी बंधूंच्या हातून जी चूक वारंवार घडते, तिजविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

दुकानांत जवळजवळ एकाच आकाराच्या दोन करवती शेजारीं मांडलेल्या असतात, आणि एकीची किंमत दुसरीच्या दुपटीहून अधिक असते. ग्राहक साहजिकच स्वस्त ती उचलतो. कारण तिच्यावरही 'प्रोफेशनल', 'हेवी ड्यूटी' अशीं अक्षरें छापलेलीं असतात. हीं अक्षरें कोणीही छापूं शकतो. खरा भेद यंत्राच्या बांधणींत असतो, व तो ओळखण्यास इंजिनियर असण्याची गरज नाहीं.

आमच्याच गांवच्या एका बागाईतदारांनीं दोन वर्षांपूर्वीं अशी एक करवत घेतली. खरेदीच्या वेळीं आम्ही बरोबर होतों, व "मोठी दिसते, घेऊन टाका" असा सल्ला आम्हींच दिला, हें येथें कबूल केलें पाहिजे. त्यांनीं त्या भरंवशावर शेजारच्या निलगिरीच्या तोडीचा मक्ता घेतला व इसार दिला. करवत रोज सकाळपासून सायंकाळपर्यंत चालूं लागली. पांचव्या आठवड्यांत दट्ट्या सिलिंडरमध्यें आवळून इंजिन बंद पडलें. कारागिरानें सांगितलें कीं, दट्ट्या बदलण्यासाठीं सबंध इंजिन घरांतून बाहेर काढावें लागेल, आणि मजुरी व सुटे भाग मिळून खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जाईल. मक्त्याची मुदत टळली व इसार बुडाला. यंत्र खोटें नव्हतें. घरगुती कामासाठीं घडविलेलें यंत्र आपण धंद्यास जुंपलें होतें. गोऱ्ह्यास मोटेस जुंपावें व तो बसला म्हणून त्यासच दोष द्यावा, तशांतला हा प्रकार. तेव्हांपासून आम्ही या यंत्राची माहिती मिळवीत आलों. तिचें सार पुढें देत आहों.

पहिली व मुख्य खूण इंजिनाच्या घराची. धंद्याच्या करवतींत क्रँक ज्या पेटींत फिरतो ती मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, दोन अर्ध्यांची व मध्यें जोडलेली असते. सिलिंडर तिच्यावर बहुधा चार स्क्रूंनीं बसविलेला असतो. ते काढले कीं सिलिंडर उचलतो व दट्ट्या हातीं येतो. घरगुती करवतींत बहुधा प्लॅस्टिकचा सांगाडा असून त्यांत सबंध इंजिन खालून बोल्टांनीं आवळून बसविलेलें असतें; म्हणून लहानशा दुरुस्तीसही सर्व यंत्र उकलावें लागतें. दुकानांत हें पाहण्याची सोपी युक्ति अशी : पट्टीवरील झांकण काढावयास सांगावें व ज्या खुंट्यांवर पट्टी बसते त्या कशांत रोंवल्या आहेत तें पहावें. त्या धातूच्या ओतीव भागांत असतील तर यंत्र बहुधा वरच्या प्रतीचें. प्लॅस्टिकमध्यें असतील तर घरगुती अथवा मधल्या प्रतीचें समजावें.

दुसरी खूण वजन व ताकद यांच्या प्रमाणाची. पुष्कळ लोक 'किती सी.सी.ची?' एवढेंच विचारतात; परंतु सी.सी. हें सिलिंडरच्या आकारमानाचें माप आहे, ताकदीचें नव्हे. श्टील या जर्मन कारखान्याचीं दोन यंत्रें उदाहरणादाखल घेऊं. एम.एस. २६१ हें धंद्यासाठीं व एम.एस. २७१ हें शेतीच्या मध्यम कामासाठीं केलेलें आहे. निर्मात्याच्या पत्रकाप्रमाणें दोन्ही ५०.२ सी.सी.चींच. परंतु पहिल्याची ताकद ३.० किलोवॅट व पट्टी, सांखळी आणि इंधन वगळून वजन ४.९ किलो, दुसऱ्याची ताकद २.६ किलोवॅट व वजन ५.६ किलो. म्हणजे पहिल्यांत एका किलोवॅटमागें सुमारें १.६ किलो, तर दुसऱ्यांत सुमारें २.२ किलो वजन हातांत धरावें लागतें. दिवसभर ओणवें राहून काम करणाऱ्यास या सातशें ग्रॅमांची किंमत सायंकाळीं कळते. म्हणून पत्रकांतील वजनास किलोवॅटनें भागून पहावें. भागाकार जितका लहान तितकें यंत्र सरस.

सी.सी.च्या आंकड्याबद्दलच संशय आल्यास तोही पडताळतां येतो. सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग करून त्यास दट्ट्याच्या धांवेनें व ०.७८५४ नें गुणावें. मापें सेंटिमीटरांत घ्यावीं. वरील यंत्राचा व्यास ४.४७ व धांव ३.२ सेंटिमीटर, गुणाकार ५०.२ येतो. जो विक्रेता मोठा आंकडा सांगतो पण व्यास व धांव सांगूं शकत नाहीं, त्याच्या आंकड्यावर फार भिस्त ठेवूं नये.

तिसरी खूण पट्टीस तेल पुरविणाऱ्या पंपाची. धंद्याच्या यंत्रांत तेलाचा पुरवठा कमीजास्त करण्याचा स्क्रू बहुधा असतो, व सांखळी थांबली कीं तेलही थांबतें. लहान घरगुती यंत्रांत पुरवठा पुष्कळदां ठराविकच असतो. बाभूळ, खैर, अंजन अशा कठीण लांकडांत लांब पट्टी बुडवून काम करतांना तेल वाढवितां न आल्यास पट्टी व सांखळी दोन्ही तापून झिजतात.

चौथी खूण सांखळी फिरविणाऱ्या दांतेरी चक्राची. धंद्याच्या यंत्रांत झिजणारी दांतेरी कडी तेवढी वेगळी काढून बदलतां येते. घरगुतींत चक्र व क्लचचा डबा बहुधा एकजीव असून सर्वच बदलावें लागतें. सांखळीचें माप पहावयाचें असल्यास सलग तीन रिव्हेटींचें अंतर मोजून निम्में करावें. मात्र आंकडा मोठा म्हणजे सांखळी दणकट असें समजूं नये. लहान करवतींवर तीन-अष्टमांश इंचाची बुटकी सांखळी असते, आणि धंद्याच्या पन्नास सी.सी.च्या करवतीवर पुष्कळदां ०.३२५ इंचाची पण उंच दांतांची सांखळी असते.

यांपैकीं कोणतीही एक खूण पुरेशी नाहीं. झाडावर चढून वापरावयाच्या कांहीं लहान करवती धंद्याच्या असूनही त्यांची पट्टी एकाच नटावर बसते. पट्टीची लांबी तर मुळींच प्रमाण नव्हे; दुबळ्या इंजिनास बावीस इंची पट्टी जोडली म्हणजे तें बळकट होत नाहीं, उलट लवकर थकतें. सर्व खुणा एकत्र घ्याव्या, आणि शेवटीं विचारावें कीं, दट्ट्या, सिलिंडर, तेलपंप व क्लच हे सुटे भाग तालुक्याच्या गांवीं मिळतात काय? ज्याचा सुटा भाग मिळत नाहीं तें यंत्र कितीही उत्तम असलें तरी शेतकऱ्याच्या उपयोगाचें नाहीं.

मग प्रत्येकानें महागच करवत घ्यावी काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या सातबाऱ्यांतील झाड असलें तरी साग, ऐन, खैर, आंबा, चिंच, मोह, हिरडा, जांभूळ इत्यादि झाडें १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाप्रमाणें परवानगीशिवाय तोडतां येत नाहींत. फांद्या छाटणें, जळण करणें, चार-दोन बाभळी पाडणें, एवढेंच बहुतेकांचें वर्षाकाठचें काम. तें मोजक्या तासांचें असतें, व सुमारें बत्तीस सी.सी.ची चांगली घरगुती करवत त्यास वर्षानुवर्षें पुरते. ज्याच्या घरीं सुबाभूळ अथवा निलगिरीची मोठी तोड आहे, किंवा जो मक्ते घेतो, त्यानेंच धंद्याची घ्यावी. एकट्यास न झेपल्यास तिघाचौघांनीं मिळून घ्यावी, पण चालविणारा हात एकच ठेवावा.

कोणत्याही प्रतीचें यंत्र दोन गोष्टींनीं मरतें. एक, पेट्रोलमध्यें टू-स्ट्रोक तेलाचें प्रमाण चुकणें; पन्नासास एक असें सांगितलें असल्यास लिटरास वीस मिलिलिटर मोजूनच घालावें, अंदाजानें ओतूं नये. दुसरी, बोथट सांखळी. लांकडाच्या ढलप्यांऐवजीं पीठ पडूं लागलें कीं कानस घ्यावी, जोर देऊं नये.

आणि माणसाच्या जिवाविषयीं एक शब्द. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लांकडास लागला कीं करवत क्षणांत उसळून अंगावर येते. तेथें घरगुती व धंद्याची हा भेद उरत नाहीं. सांखळीचा ब्रेक रोज तपासावा, धोतर अथवा लुंगी नेसून हें काम करूं नये, डोळे व कान झांकावे, आणि एकट्यानें रानांत करवत चालवूं नये. यंत्राचा इसार बुडाला तर पुढील हंगामांत भरून येतो. पाय गेला तर येत नाहीं.

असो. आमच्या बागाईतदार मित्रांनीं आतां दोघा भावांच्या भागींत दुसरी करवत घेतली. या वेळीं आम्हीं सल्ला दिला नाहीं. दुकानदाराकडून झांकण काढवून खुंट्या पाहिल्या, पत्रक मागून वजनास ताकदीनें भागलें, आणि मगच पैसे मोजूं दिले. वाचकांनींही एवढें करावें, इतकीच विनंति.