गेममधलं मोकळं रान

गेम म्हणजे धडाधड गोळ्या झाडायच्या आणि लेव्हल पार करायची, अशी तुमची समजूत असेल तर 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' एकदा हातात घ्याच. निन्टेंडोचा हा गेम मार्च २०१७मध्ये आला आणि गेमर मंडळींनी त्याला डोक्यावर घेतलं. मारामारी यातही आहे, नाही असं नाही. पण लोक आठवण काढतात ती भटकंतीची.

सुरुवातच बघा. शंभर वर्षांच्या झोपेतून उठलेला लिंक गुहेतून धावत बाहेर येतो, कड्यावर थांबतो आणि समोर अख्खं हायरूल! जंगलं, पडके अवशेष, लांबवर धुमसणारा ज्वालामुखी. हा नुसता पडदा नाही बरं का, दिसतंय तिथे जवळपास सगळीकडे जाता येतं. पहिलं पठार उतरलं की थेट शेवटच्या खलनायकाला भिडायचीही मुभा आहे. पण तेवढ्यात एक टेकडी दिसते, पाय तिकडे वळतात आणि राजकन्या बसते बिचारी वाट बघत.

ही भूल ठरवून घातलेली आहे. टेकड्यांचे त्रिकोण असे मांडलेत की मागचं काहीतरी झाकलं जावं. चढायचं की वळसा घालायचा, तुम्ही ठरवा! जगाचा आवाका ठरवायला दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी आपल्या क्योटोचा नकाशा वापरला. आणि १९८६च्या पहिल्या झेल्डामागे होती शिगेरू मियामोतोंची क्योटोजवळच्या सोनोबेत लहानपणी केलेली डोंगर-गुहांमधली भटकंती.

मनोरा चढलात की नकाशा उघडतो, पण कुठे काय आहे ते सांगत नाही. खुणा आपल्या आपण करायच्या. पार्श्वसंगीतही सतत वाजत नाही. मध्येच पियानोचे दोन-चार सूर, बाकी वारा आणि किडे. पाऊस आला की कडा निसरडा होतो, चढणं बंद. कपारीत शेकोटी पेटवून बसून राहायचं. डेडलाइनवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना आधी वैताग येतो. मग हळूहळू खांदे सैल पडतात आणि आपण पाऊस बघत बसतो.

प्लास्टिकच्या कंट्रोलरमधून कसलं आलंय अध्यात्म, असं म्हणाल. डोंगर खोटा आहे, कबूल. पण काही मिळवायचं नसताना एखाद्या गोष्टीकडे पाच मिनिटं नुसतं बघणं आठवड्यातून किती वेळा जमतं हो तुम्हाला?

वाटेत छोट्या दगडी मूर्ती भेटतात, जपानमधल्या रस्त्याकडेच्या जिझोंसारख्या. एकीच्या पुढ्यातलं भांडं रिकामं असतं. त्यात सफरचंद ठेवलं की कोरोक नावाचा वनजीव प्रकटतो. असे तब्बल ९०० कोरोक लपलेत. सगळे शोधल्याचं बक्षीस? शेणाच्या गोळ्यासारखी दिसणारी एक सोनेरी वस्तू आणि एक नाच. फळाची आशा न धरता कर्म करा, हे इतक्या खोडकरपणे दुसऱ्या कुणी सांगितल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

काही रात्री सातोरी नावाच्या डोंगरावर उजेडाचा झोत दिसतो. 'सातोरी' म्हणजे झेन परंपरेतला अचानक होणारा बोध. चाहते मात्र या नावात निन्टेंडोचे २०१५मध्ये वारलेले अध्यक्ष सातोरू इवाता यांची आठवण बघतात. वर चेरीचं झाड, तळं आणि काठाशी एक झळाळता प्राणी. चाहूल लागली की पळतो, म्हणून दबकत जायचं. जमलं तर पाठीवर बसून हिंडताही येतं. पण त्याला तबेल्यात न्या, तुमच्या नावावर करून द्यायला तिथला माणूस साफ नकार देतो.