आधी मातीवर उपचार, मग इमारत

लंडनच्या पूर्वेकडील स्ट्रॅटफर्डमध्ये २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी क्रीडानगरी उभी राहिली, ती जुन्या कारखान्यांच्या आणि कचऱ्याच्या जमिनीवर. तेथील मातीत डांबर, तेल, शिसे, आर्सेनिक, सायनाइड असे बरेच काही सापडले. ती सगळी दुसरीकडे नेऊन टाकण्याऐवजी जागेवरच माती धुण्याची यंत्रे बसवण्यात आली. त्यांना नाव मिळाले ‘सॉइल हॉस्पिटल’, म्हणजे मातीचे रुग्णालय. खोदलेल्या मातीपैकी सुमारे ८० टक्के माती स्वच्छ करून तेथेच वापरली गेली. आज तेथे उद्यान, घरे आणि शाळा आहेत.

बंद कारखान्याला कुंपण घातले की धोका कुंपणाआड राहतो, असा समज असतो. तसे होत नाही. उन्हाळ्यात धूळ उडते, पावसाळ्यात विषारी द्रव्ये झिरपून भूजलात जातात आणि पडक्या आवारात मुले खेळतात. शिसे कुजत नाही. मातीच्या वरच्या थरात ते अनेक दशके टिकते. लहान मुले मातीचे हात तोंडात घालतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार, पोटात गेलेले शिसे मुलांचे शरीर प्रौढांच्या चार ते पाच पट शोषून घेऊ शकते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. आपल्याकडे मुलांमधील रक्तक्षय किती सर्रास आहे, हे लक्षात घेता ही बाब गंभीर आहे. शिशामुळे मेंदूच्या वाढीचे झालेले नुकसान भरून निघत नाही. म्हणूनच अशी जमीन पडीक ठेवणे हा सुरक्षित पर्याय नव्हे. ती स्वच्छ करून वापरात आणणे हेच आरोग्याच्या हिताचे.

मात्र क्रम चुकला तर काय होते, हे अमेरिकेतील लव्ह कॅनॉलने दाखवले. न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहरात एका रसायन कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात एका अर्धवट कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला. नंतर वर माती टाकून ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. तेथे शाळा झाली, आजूबाजूला घरे झाली. पुढे पावसाचे पाणी साचून रसायने तळघरांत झिरपली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली.

विष, ते शरीरात येण्याची वाट आणि माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच आजार होतो. यातली एक कडी तोडणे म्हणजे उपचार. तेलाने माखलेल्या मातीत हवा खेळती ठेवली की जिवाणू तेल खातात. सहज उडणारी द्रावके जमिनीतून शोषून काढता येतात. नाहीतर त्यांची वाफ फरशीच्या भेगांतून घरात शिरते. जड धातूंची माती धुतात, काढून टाकतात किंवा पक्क्या थराखाली बंद करतात. कोणता उपचार करायचा, हे तपासणीनंतर आणि तेथे बालवाडी होणार की वाहनतळ, हे पाहून ठरते.

मुंबईतील गिरण्यांच्या जागी मनोरे झाले, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जुन्या कारखान्यांच्या जमिनींचाही वापर बदलतो आहे. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने कळवायची, तपासणी करून घ्यायची आणि स्वच्छतेचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा, अशी त्यात तरतूद आहे. नियम कागदावर राहू नयेत यासाठी नागरिकांनीही विचारले पाहिजे.

जुन्या कारखान्याच्या जागेवर घर घेताना पार्किंग आणि जलतरण तलावाबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. येथे पूर्वी काय बनत होते? माती आणि भूजल तपासल्याचा अहवाल कुठे आहे? बोअरवेलचे पाणी कशासाठी वापरले जाणार आहे? घराच्या किमतीत या उत्तरांचाही समावेश असायला हवा.