गुलाबी काडी

गेल्या आठवड्यात कबूल केल्याप्रमाणे आज दाताच्या कॅपविषयी लिहायचं होतं. ते पुढच्या आठवड्यावर गेलं, त्याला कारण एका वाचक बाईंचं पत्र. त्यांच्या खालच्या दाढेचं रूट कॅनॉल नुकतंच झालं. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, तर दाढेच्या मुळांतून तीन पांढऱ्याशुभ्र रेघा खाली उतरलेल्या. ‘हे काय भरलंय?’ असं विचारल्यावर ‘जीपी’ एवढं दोन अक्षरी उत्तर मिळालं. पण शेजारच्या ट्रेमध्ये बाईंनी ज्या काड्या पाहिल्या होत्या त्या गुलाबी होत्या, उदबत्तीच्या काडीहूनही बारीक. त्या विचारतात, ‘गुलाबी वस्तू फोटोत पांढरी कशी? आणि जन्मभर माझ्या जबड्यात राहायला आलेली ही चीज आहे तरी काय?’

अशा प्रश्नासाठी कॅपवरचा लेख थांबू शकतो. (लेख थांबू शकतो, कॅप नाही. त्याकडे शेवटी येऊच.)

जीपी म्हणजे गटापर्चा. साठी ओलांडलेल्या वाचकांच्या कानाला हा शब्द ओळखीचा वाटेल. घरातल्या बाहुल्या, खुळखुळे, कंगवे यांना आजी-आजोबा सरसकट ‘गटापारच्याचे’ म्हणत. त्यातल्या पुष्कळशा वस्तू सेल्युलॉइडच्या असत, नाव तेवढं उसनं. खरा गटापर्चा हा झाडाचा चीक आहे. मलाया, सुमात्रा, बोर्निओ या पट्ट्यातल्या जंगलात वाढणारं हे झाड, पॅलाक्वियम गटा. मलय भाषेत ‘गेटा’ म्हणजे चीकच. झाड परमुलखातलं असलं तरी त्याचे भाऊबंद आपल्या दारात आहेत. चिकू, मोह आणि बकुळ ही सगळी त्याच्याच कुळातली. घोलवडच्या बागेत कच्चा चिकू तोडला की देठातून पांढरा चीक ठिबकतो. चिकूच्या झाडाचा तोच चीक मध्य अमेरिकेत आटवून त्याचा च्युइंगगम करत. एका भावाच्या चिकात साखर घोळवून पोरांनी ती दिवसभर चघळावी आणि किडलेल्या दाढेची मुळं दुसऱ्या भावाच्या चिकानं बुजवावीत, असा हा घरगुती व्यवहार आहे.

रबर आणि गटापर्चा यांचा रेणू एकाच घटकाचा, फक्त साखळीतला बाक वेगळा. तेवढ्या फरकानं स्वभाव बदलतो. रबर ताणलं की मागे येतं. गटापर्चा एरवी टणक, गरम पाण्यात घातला की कणकेसारखा मऊ, आणि निवला की दिलेला आकार धरून बसतो. मलय कामगार त्याच्या कोयत्यांच्या मुठी करत. सिंगापुरात नोकरीला असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे सर्जन विल्यम मॉन्टगोमरी यांचं तिकडे लक्ष गेलं आणि 1843 साली त्यांनी नमुने लंडनला धाडले. मग काय विचारता! चालायच्या काठ्या, बुटांचे तळवे, बहिऱ्यांसाठी कर्णे, गोल्फचे चेंडू, सगळं गटापर्चाचं होऊ लागलं.

पण त्याचं खरं नशीब समुद्राच्या तळाशी उघडलं. तारेतून संदेश पाठवायचा तर तारेला पाण्यापासून जपायला हवं, आणि खाऱ्या पाण्यात न कुजणारं, विजेला दाद न देणारं, तारेवर लपेटता येणारं दुसरं काही त्या काळी नव्हतं. अटलांटिकखालची तार त्यानंच मढवलेली होती. 1870 साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या वेळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजानं मुंबई आणि एडन यांच्यामध्ये समुद्राखालून तार टाकली, तिच्यावरही गटापर्चाच. त्याच वर्षी मुंबईचा संदेश समुद्रमार्गे इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरल्या पोर्थकर्नो गावी उतरू लागला. कापसाचे भाव आणि सरकारी हुकूम अशा चिकाच्या वेष्टनातून धावत होते.

झाडांना मात्र हे महागात पडलं. रबराच्या झाडाला खाच पाडली की चीक वाहतो. गटापर्चाचा चीक लगेच घट्ट होतो, म्हणून झाड आडवंच पाडायचं आणि साल जागोजागी कापून तो खरवडायचा. एका मोठ्या झाडातून मिळे जेमतेम काहीशे ग्रॅम. जंगलंच्या जंगलं संपायला आली, तेव्हा 1885 साली डचांनी जावामध्ये त्जिपेतीर इथे मुद्दाम लागवड केली आणि पुढे पानांतूनच चीक काढायची सोय केली. या मळ्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. 2012 साली कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या एका बाईंना पाटीएवढा काळपट ठोकळा सापडला, त्यावर अक्षरं उठवलेली : ‘त्जिपेतीर’. मग असे ठोकळे युरोपभरच्या किनाऱ्यांवर सापडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. संशय जातो ‘मियाझाकी मारू’ या जपानी जहाजावर. ते 1917 साली जर्मन पाणबुडीनं बुडवलं होतं. जवळजवळ शंभर वर्षं समुद्रात राहून ठोकळ्यावरची अक्षरं वाचता येत होती.

अंधारात आणि ओलीत टिकणं हा गटापर्चाचा मोठा गुण. उन्हात, हवेत तो उलट लवकर खंगतो आणि ठिसूळ होतो. दवाखान्यात जुन्या डबीतली काडी वाकवायला गेलं की कट्‌कन मोडते, ती याचमुळे. दाताचं मूळ ही त्याला मानवणारी जागा : काळोखी, ओलसर, बंद.

दाताशी त्याची गाठ लवकरच पडली. लंडनचे दंतवैद्य एडविन ट्रुमन यांनी 1847 च्या सुमाराला दातातली पोकळी बुजवायला तो वापरला. गटापर्चा शुद्ध करायची पद्धतही त्यांनी पुढे शोधली. 1867 साली अमेरिकेत सेंट लुईसच्या बोमन यांनी मुळातली नळी फक्त गटापर्चानं भरून दाखवली. तेव्हापासून आजतागायत गादीवर तोच आहे.

आजच्या काडीत खरा गटापर्चा साधारण एक पंचमांशच असतो. सर्वांत मोठा वाटा झिंक ऑक्साइडचा, त्याशिवाय मेण आणि बेरियमसारख्या धातूंचे क्षार. हे क्षार आणि झिंक क्ष-किरण अडवतात, म्हणून फोटोत काडी पांढरी. गुलाबी म्हणाल तर तो नुसता वरून घातलेला रंग.

मुळातली नळी फाइलनं, म्हणजे बारीक कानशीनं, ज्या मापाची केली त्याच मापाची काडी निवडतात. 25 नंबरची असेल तर टोकाला पाव मिलिमीटर. ती आत सारून मागे ओढताना किंचित अडली पाहिजे. डॉक्टर त्याला ‘टग-बॅक’ म्हणतात आणि त्या अडण्यासाठी तीन-तीन काड्या बदलतात. काडी उकळून निर्जंतुक करता येत नाही, वितळेल. म्हणून ती मिनिटभर हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे कपडे पांढरे करणाऱ्या द्रावणाच्या जातीच्या औषधात बुडवतात. गटापर्चा दाताला स्वतःहून चिकटत नाही. मध्ये सीलरचा पातळ थर लागतो. जुन्या पद्धतीच्या सीलरमध्ये लवंगेतलं युजेनॉल असतं; दवाखान्याच्या जिन्यातच जो वास येतो तो त्याचाच. शेवटी वर राहिलेली टोकं तापल्या हत्यारानं कापतात. थोडा धूर निघतो आणि खुर्चीतला माणूस उगाच घाबरतो.

आता एक गैरसमज. ही काडी म्हणजे औषध नव्हे. एका प्रयोगात उंदीर जंतुरहित पिंजऱ्यात ठेवले होते. दाताची नस उघडी पडूनही ते बरे झाले, कारण मुळात जंतूच नव्हते. दात वाचतो तो आतली घाण निघाल्यामुळे. गटापर्चा फक्त रिकामं झालेलं घर बंद करतो, पुन्हा कुणी बिऱ्हाड करू नये म्हणून. नीट न धुतलेल्या नळीत कितीही सुबक काडी घातली तरी महिन्या-वर्षांनी हिरडीवर पुळी येते. गंमत म्हणजे अशा वेळीही हीच काडी मदतीला येते. पुळीच्या तोंडातून ती अलगद आत सरकवायची आणि एक्स-रे काढायचा. पू जिथून येतो त्या मुळापाशी ती जाऊन थांबते, दोन संशयित दातांपैकी गुन्हेगार कोण ते कळतं.

आणि चूक सापडली तर? इथे गटापर्चाचा असा गुण कामाला येतो, ज्याचं कौतुक फारसं कुणी करत नाही. तो पुन्हा बाहेर काढता येतो. ऊब दिली की मऊ पडतो, युकॅलिप्टसच्या तेलासारख्या द्रावकानं विरघळतो. फिलाडेल्फियाच्या लुई ग्रॉसमन यांनी चांगल्या भरणाच्या अटींची यादी केली, तिच्यात गरज पडल्यास सहज निघालं पाहिजे अशीही अट आहे. विसाव्या शतकात त्याच्या जागी चांदीच्या काड्या आल्या. त्या ताठ असल्यानं वाकड्या नळीत छान जात, पण नळीचा आकार काही घेत नसत. ओल लागून गंजत, आणि काढायच्या म्हटल्या की डॉक्टरांना घाम फुटे. 2004 मध्ये रेझिलॉन नावाचा नवा पदार्थ मोठ्या गाजावाजात आला. तो दाताशी एकजीव होणार होता. प्रत्यक्षात जंतूंची विकरं त्यालाच पचवू लागली आणि तो बाजारातून गेला.

गटापर्चालाही एक गोष्ट अडवता येत नाही : वरून झिरपणारी लाळ. 1990 सालच्या एका प्रयोगात काढलेल्या दातांच्या नळ्या नीट भरून वरचं तोंड उघडं ठेवलं आणि तिथे जंतू सोडले. 19 दिवसांत निम्म्याहून जास्त मुळांत ते थेट खालच्या टोकापर्यंत पोचले होते.

बाईंच्या पत्राच्या तळाशी ताजा कलम आहे : ‘सध्या वर कच्चं सिमेंट आहे. अजिबात दुखत नाही, त्यामुळे कॅप दिवाळीनंतर बसवेन म्हणते.’ दुखणार कसं, नस काढलेली आहे. त्यांनी पुढच्या लेखाचीदेखील वाट पाहू नये, डॉक्टरांची वेळ उद्याच घ्यावी. कॅप धातूची की झिर्कोनियाची आणि तिच्यासाठी दात किती घासावा लागतो, हे त्यांना डॉक्टर सांगतीलच; बाकीच्यांसाठी पुढच्या आठवड्यात.